३५ चे टायर बसले, आता ४.५६ की ४.८८? जेके रँग्लरच्या ॲक्सल गिअरची तुलना

घाई असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. गाडी जीप कंपनीची, ३.६ लिटर पेंटास्टार इंजिनाची जेके रँग्लर अनलिमिटेड (चार दारांची, २०१२ ते २०१८), पाच गिअरची ऑटोमॅटिक, कंपनीचा ॲक्सल रेशो ३.७३ (याचा अर्थ पुढे सांगतो) आणि टायर ३५ इंची, असं धरून चालू. राहणं डेन्व्हरसारख्या डोंगराजवळच्या गावी असेल तर ४.८८ घ्या. ह्यूस्टन, डॅलस, फ्लोरिडा अशा सपाट मुलखात रोज हायवेनेच ऑफिस गाठायचं असेल तर ४.५६. टायर ३७ चे असतील तर ५.१३, पण पुढचा ॲक्सल डेना ४४ (रुबिकॉन प्रकारावर येणारा भक्कम ॲक्सल) असेल तरच. आणि ३.७३ काढून ४.१० टाकायला कोणी सांगत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

आता यामागचा हिशेब.

३.७३ म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात, त्या जोडीच्या दातांवरून हा आकडा येतो. ४१ दातांचा क्राऊन आणि ११ दातांचा पिनियन म्हणजे ३.७३; ४१ ला ९ म्हणजे ४.५६, ३९ ला ८ म्हणजे ४.८८, ४१ ला ८ म्हणजे ५.१३. आकडा मोठा तेवढी गाडीची ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त.

टायर मोठा झाला की नेमकं उलटं होतं. सहारा किंवा रुबिकॉन या प्रकारांवर कंपनीचा टायर साधारण ३२.१ इंचांचा असतो. त्याजागी ३५ चा बसवलात की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी नऊ टक्के पुढे जाते, म्हणजे ३.७३ चा रेशो ३.४२ असल्यासारखा वागू लागतो. पूर्वीइतकी ओढ परत हवी तर गणित सोपं आहे: ३.७३ गुणिले ३५ भागिले ३२.१, उत्तर ४.०७. टायर ३७ चा असेल तर ४.३०. इथेच बरेच जण ‘म्हणजे ४.१० पुरे’ म्हणून मोकळे होतात.

पण या गणितात फक्त टायरचा व्यास आहे. ३५ चा टायर आणि रिम जुन्या जोडीपेक्षा बराच जड असतो, आणि ते वजन फिरतं असतं, म्हणजे प्रत्येक सिग्नलला ते नव्याने फिरवायला लागतं. टायर बसावा म्हणून गाडी उचललेली असते, त्यामुळे वारा जास्त अडतो. बहुतेकांनी मागोमाग लोखंडी बंपर, विंच आणि छतावर रॅकही लावलेला असतो. वर मूळ ३.७३ हा आकडाही कंपनीने मायलेजकडे एक डोळा ठेवूनच निवडलेला असतो. म्हणून गणिताचं उत्तर ही खालची मर्यादा धरायची आणि तिच्या एक-दोन पायऱ्या वर जायचं. किती वर, एवढाच खरा वाद.

वाद आकड्यांवर घालू. ताशी ६५ मैलांना शेवटच्या, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये (०.८३) इंजिनाचे मिनिटाला फेरे असे येतात:

| रेशो | ३५ इंची | ३७ इंची |
|---|---|---|
| ३.७३ | १९३० | १८३० |
| ४.१० | २१२५ | २०१० |
| ४.५६ | २३६५ | २२३५ |
| ४.८८ | २५३० | २३९० |
| ५.१३ | २६६० | २५१५ |

कंपनीच्या टायरवर ३.७३ ला हाच आकडा २१०० च्या आसपास होता. सहा गिअरच्या मॅन्युअलचा शेवटचा गिअर ०.८४ चा असल्यामुळे तिलाही हाच तक्ता चालतो.

४.८८ समोरचे २५३० पाहून छातीत धस्स होण्याचं कारण नाही. पेंटास्टारचा पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) येतो ४८०० फेऱ्यांना आणि २८५ हॉर्सपॉवर ६४०० ला. हे इंजिन वर फिरायलाच बनवलंय. १९०० वर त्याच्याकडून जड गाडी ओढून घ्यायची म्हटली की ते रडतं, आणि पेट्रोलही काही वाचत नाही, कारण ॲक्सिलरेटर अर्धा दाबलेलाच राहतो.

याची परीक्षा बघायची तर डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघा. जॉर्जटाउनच्या पुढे चढ लागतो, आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता ११ हजार फुटांवर पोचतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्याजवळ २८५ पैकी दोनशेच्या आसपास घोडे उरतात. ताशी ६० मैलांना ३.७३ आणि ३५ ची गाडी चौथ्यात २१५० फेऱ्यांवर असते. तेवढ्यात तिला चढ झेपत नाही, म्हणून ती तिसऱ्यात उतरते, ३०३० वर. चढ जरा सैल झाला की पुन्हा चौथा, पुन्हा दम गेला की तिसरा. पाचवा तर विसराच. ही वर-खाली धडपड सुरू झाली की टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाचं) लॉक सुटत राहतं आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. ४.८८ असेल तर तीच गाडी चौथ्यात २८१० वर असते आणि बराचसा चढ त्याच गिअरमध्ये काढते. तिसरा लागलाच तर ३९६५ वर जातो, तिथे इंजिनाची खरी ताकद हाती लागते.

आकड्यांत पाहिलं तर ४.८८ चा चौथा म्हणजे जवळपास ३.७३ चा तिसराच. मग नवीन काय मिळालं? मिळालं ते असं की पाचव्याचा पुन्हा उपयोग सुरू झाला. ३.७३ वर हा गिअर फक्त उताराला आणि वारा पाठीमागून असताना लागायचा.

आता ४.५६ ची बाजू. सपाट मुलखात ताशी ७५ मैलांनी रोज तासभर गाडी चालवणाऱ्याला ४.५६ वर २७२५ फेरे पडतात, ४.८८ वर २९१५. इंजिनाला याचं काही वाटत नाही, पण कानाला वाटतं, आणि रँग्लरचं छत असं की आधीच वाऱ्याचा आवाज पुरेसा असतो. हायवेवर मायलेजमध्येही थोडा फरक पडतो. शहरात मात्र ४.८८ बरोबरीत राहतो किंवा वरचढ ठरतो, कारण सिग्नलवरून निघताना पाय हलका पडतो. म्हणून मी विचारणाऱ्याला एकच प्रश्न करतो: वर्षातले जास्त मैल कुठे होतात? उत्तर ‘आय-१७ ने फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ’ किंवा ‘शनिवार-रविवार टाहो’ असं असेल तर ४.८८. ‘ऑफिस, कॉस्टको, देऊळ’ असेल तर ४.५६, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त पुढेमागे ३७ चे टायर घ्यायचा मोह होईल असं वाटत असेल तर आजच ४.८८ घ्या. गिअर दोनदा बदलणं परवडत नाही.

३५ वर ५.१३? ३.६ इंजिनाला नको. ७५ ला फेरे ३०६५ वर जातात आणि पहिला गिअर इतका आखूड होतो की चौकही ओलांडायच्या आत दुसरा पडतो.

३७ ची गोष्ट वेगळी, कारण तिथे रेशोपेक्षा ॲक्सल आधी बघावा लागतो. रुबिकॉन सोडून बाकी जेकेला पुढे डेना ३० असतो. त्याचा क्राऊन लहान, ॲक्सलच्या नळ्या बारीक. ३७ चे टायर लावून खडकांवर चढवलं की नळी वाकणं, बॉल जॉइंट झिजणं हे ठरलेलं. त्यात क्राऊनचा आकार तोच ठेवून रेशो वाढवायचा म्हणजे पिनियन आणखी लहान करावा लागतो. डेना ३० मध्ये ५.१३ बसतो, पण बसतो म्हणून बसवावा असं नाही. डेना ३० असेल तर ३५ आणि ४.८८ वर थांबावं हे माझं मत. रुबिकॉन असेल तर ३७ ला ५.१३ मस्त, ६५ ला फेरे २५१५, म्हणजे ३५ वर ४.८८ असल्यासारखंच.

खडकांवर हळू चालवणाऱ्यांना ‘क्रॉल रेशो’ महत्त्वाचा. मॅन्युअल रुबिकॉनमध्ये पहिला गिअर ४.४६, ट्रान्सफर केस (फोर व्हीलसाठी पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी गिअरपेटी) ४.० आणि ॲक्सल ४.१०, गुणाकार ७३. ४.८८ टाकला की ८७. साध्या स्पोर्ट प्रकाराचा ट्रान्सफर केस २.७२ चा, त्यामुळे ३.७३ वर ४५ आणि ४.८८ वर ५९. युटातल्या मोॲबच्या खडकाळ उतरणींवर ब्रेक न दाबता गाडी नुसत्या इंजिनावर रांगवायची तर ४५ आणि ५९ मधला फरक पहिल्याच पायरीला पायाला कळतो. ऑटोमॅटिकवाल्यांना टॉर्क कन्व्हर्टरची मदत असते, त्यांनी यासाठी जीव टाकायचं कारण नाही.

इतर इंजिनं थोडक्यात. २००७ ते २०११ ची जेके ३.८ लिटरची, २०२ हॉर्सपॉवरची, आणि तिच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकचा शेवटचा गिअर ०.६९. तिथे ३५ वर ५.१३ सुद्धा ६५ ला फक्त २२१० फेरे देतो, तेव्हा डोळे झाकून ४.८८ किंवा ५.१३. जेएल (जेकेनंतरची रँग्लर) आणि ग्लॅडिएटर (जीपचा पिकअप) यांची आठ गिअरची ऑटोमॅटिक मात्र वेगळी चीज आहे. तिचा पहिला गिअर ४.७१ चा, म्हणून ४.१० ची रुबिकॉन ३५ वर तशीच चालवली तरी फारसं बिघडत नाही. कंपनीने स्वतः एक्स्ट्रीम रीकॉन पॅकेजमध्ये ३५ च्या टायरबरोबर ४.५६ दिला, यावरूनच काय ते समजा. भारतात विकलेली २.८ डिझेल जेके कमी फेऱ्यांवरच भरपूर टॉर्क देते, तिला ४.८८ ची गरज नाही. शिवाय तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत कंपनीच्या मापाबाहेर फेरफार करण्याआधी ते वाचावं.

आता खर्च. पुढचा आणि मागचा, दोन्ही ॲक्सल एकाच रेशोचे लागतात, एक ४.५६ आणि एक ४.८८ ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकलंत तर काहीतरी तुटणारच. मजुरी, बेअरिंग धरून अमेरिकेत दोन ते तीन हजार डॉलर सहज जातात. मूळ गाडी ३.२१ ची असेल तर बरेचदा कॅरिअरही (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) बदलावं लागतं, ते आधीच विचारून घ्या. लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) बसवायचा विचार असेल तर याच वेळी, कारण मजुरी तीच.

गॅरेज निवडताना भावापेक्षा हात बघा. चांगला मिस्त्री क्राऊनच्या तीन-चार दातांना पिवळा रंग लावतो, पिनियन फिरवतो आणि उमटलेला ठसा बघतो. ठसा दाताच्या मधोमध लांबट यायला हवा. टोकाकडे किंवा मुळाशी गेला तर पिनियनखालची शिम (पातळ चकती) बदलायची, पुन्हा सगळं जुळवायचं, पुन्हा रंग. मग डायल इंडिकेटर लावून दातांमधली मोकळीक मोजायची, साधारण ०.००६ ते ०.०१० इंच. हे काम कंटाळवाणं आहे आणि कंटाळा करणाऱ्याच्या हातची गाडी ५० मैलांना रडायला लागते. ठशाचा फोटो मागा. देणारा आनंदाने देतो.

गाडी हातात आली की पहिलं काम कॉम्प्युटरला नवा टायर आणि नवा रेशो कळवणं. त्यासाठी छोटी प्रोग्रॅमर उपकरणं मिळतात. ते न करता नुसते ३५ चे टायर लावून फिरणाऱ्याचा काटा ६५ दाखवत असताना गाडी खरं तर ७१ ने जात असते, आणि मैल कमी मोजले गेल्यामुळे मायलेज पडलं असं उगाच वाटत राहतं. टायरचा व्यास भरताना लेबलवर जाऊ नका. ३१५/७०आर१७ चा टायर ‘३५’ म्हणून विकतात, प्रत्यक्षात तो ३४.४ भरतो. टायर कंपनीच्या पत्रकात दर मैलाला होणारे फेरे दिलेले असतात, ते सगळ्यात खरे.

पहिल्या फेरीत पंधरा-वीस मैल सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-चारदा करा. पहिले ५०० मैल ट्रेलर ओढू नका. ५०० झाले की दोन्ही डिफरन्शिअलचं तेल बदला. निघालेल्या तेलात बारीक चमचमता चुरा दिसेल, तो चालतो. बोटाला लागतील एवढे कण असले तर गाडी त्याच दिवशी त्याच मिस्त्रीकडे न्या.