‘कमाल’ने डिप्लॉय करताना: सात महिन्यांचा अनुभव

एका दूध संकलन केंद्रासाठी लिहिलेलं जँगो (पायथनमधली वेब चौकट) अ‍ॅप मी गेले ७ महिने ‘कमाल’ या साधनाने डिप्लॉय करतोय, म्हणजे सर्व्हरवर चढवतोय. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ रांग असते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाकलं की शेतकऱ्याच्या हातात पावती पडायला हवी. त्या वेळात अ‍ॅप मिनिटभर बंद पडलं तरी रांग खोळंबते. त्यामुळे आधी मी रात्री अकराची वाट बघायचो, एसएसएचने सर्व्हरवर शिरायचो, कोड ओढायचो, सर्व्हिस रीस्टार्ट करायचो. आता ऐन रांगेतही बदल चढवतो.

कमाल हे ३७सिग्नल्सचं मुक्त-स्रोत साधन. दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. मूळ रेल्सवाल्यांचं (रेल्स ही रुबीमधली वेब चौकट) असलं तरी कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेल्या डब्यात, बसेल ते कुठलंही वेब अ‍ॅप चालतं. (नाव जुन्या दर्यावर्द्यांच्या अक्षांश काढायच्या उपकरणाचं आहे.) सर्व्हरवर डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) नसेल तर पहिल्या ‘कमाल सेटअप’मध्ये तेही बसतं.

‘कमाल डिप्लॉय’ म्हटलं की इमेज (कंटेनरचा साचा) बनून रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) जाते, सर्व्हर ती ओढतो आणि जुन्याच्या शेजारी नवा कंटेनर उभा राहतो. कमाल-प्रॉक्सी (येणाऱ्या विनंत्या कंटेनरकडे पोचवणारी) त्याला ‘/अप’ या पत्त्यावर विचारत राहते. २०० (‘सगळं ठीक’ हा कोड) आलं की ट्रॅफिक नव्याकडे वळतं. ठरलेल्या वेळेत नाही आलं तर डिप्लॉय फसतं, पण जुना कंटेनर चालूच राहतो. केंद्रावर कुणाला कळतही नाही. मला या साधनात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

जँगोवाल्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. तपासणीची ही विनंती तुमच्या डोमेनच्या नावाने येत नाही, कंटेनरच्या नावाने येते. ते नाव ‘अलाउड होस्ट्स’मध्ये (जँगोच्या मान्य नावांच्या यादीत) नसतं, म्हणून जँगो ४०० (‘चुकीची विनंती’) देतो आणि चांगला कंटेनर नापास होतो. माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी ‘/अप’चं उत्तर सगळ्यात वरच्या मिडलवेअरमध्येच (नावाची तपासणी होण्याआधीच्या थरात) दिलं.

पण ते उत्तर मी नुसतं ‘ओके’ ठेवलं होतं, आणि ते महागात पडलं. एकदा डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा गेला, ‘/अप’ पास झालं आणि पावत्या थांबल्या. ‘कमाल रोलबॅक’ला (मागच्या आवृत्तीवर नेणारी आज्ञा) जुन्या कमिटचा हॅश (कोडच्या त्या नोंदीचा ओळख-क्रमांक) दिला आणि काही सेकंदांत गाडी रुळावर आली, कारण आधीचे काही कंटेनर सर्व्हरवर ठेवलेलेच असतात. तेव्हापासून ‘/अप’ डेटाबेसला एक साधी क्वेरी मारून मगच २०० देतं.

रोलबॅकने कोड मागे येतो, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) नाही. कॉलम काढून टाकला असेल तर जुना कोड तो शोधत बसेल. म्हणून मी आता आधी कोडमधून वापर काढतो, आणि कॉलम पुढच्या डिप्लॉयमध्ये.

इमेज गिटमधल्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिटवरून बनते. फाइल सेव्ह केली पण कमिट केली नाही तर बदल जात नाही. सुरुवातीला याचा राग यायचा, आता बरं वाटतं: सर्व्हरवर काय चाललंय ते हॅश बघून सांगता येतं.

सुरक्षेचं मात्र सगळ्यांना कळकळीने सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचा कंटेनर जोडताना पोर्ट नुसता ‘५४३२:५४३२’ लिहू नका. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) नियम घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यूमध्ये (ती फायरवॉल सांभाळायचं सोपं साधन) पोर्ट बंद दिसत असला तरी बाहेरून उघडा असतो. पुढे ‘१२७.०.०.१:’ जोडा.

एआरएम चिपच्या नव्या मॅकवरून इंटेल सर्व्हरसाठी इमेज बनवणं फार संथ होतं, कारण प्रोसेसरची नक्कल करावी लागते. मी बिल्ड दुसऱ्या एका मशीनवर हलवलं, तो प्रश्न मिटला.

दुसऱ्या आवृत्तीत एकाच सर्व्हरवर अनेक अ‍ॅप राहू शकतात. शेजारच्या केंद्राचं अ‍ॅप पुढच्या महिन्यात याच मशीनवर चढवतोय, वेगळं डोमेन आणि वेगळा डेटाबेस देऊन.