विश्रामबागेतील अभ्यासवर्ग : नायजेरियासाठी चार रविवार

सांगलीत विश्रामबाग परिसरातील एका स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्राने यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतील वसाहतमुक्ती या घटकासाठी घेतलेला चार रविवारांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. नायजेरिया म्हणजे टोळ्यांची भांडणे आणि लष्करी उठाव, एवढ्यावरच भागवले जाईल असे मला वाटले होते. तो समज पहिल्याच तासाला दूर झाला.

सरांनी फळ्यावर नायजर आणि बेन्वे या नद्यांचा संगम काढला व उत्तर प्रांत खडूने भरला, तेव्हा देशाच्या नकाशाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पांढरा झाला. १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झालेल्या या देशात प्रांत तीनच होते आणि १९५९च्या निवडणुकीतील ३१२ जागांपैकी १७४ एकट्या उत्तरेकडे होत्या. बाकीचे सगळे एकत्र आले तरी बहुमत होत नव्हते. उत्तरेतील हाउसा-फुलानी, पश्चिमेतील योरुबा आणि पूर्वेतील इग्बो या समाजांच्या वैराला दोष देण्याआधी ही मांडणी पाहा, हे सरांचे म्हणणे मला मनापासून पटले. जानेवारी १९६६च्या उठावात पंतप्रधान बलेवा मारले गेले, मे महिन्यात लष्करी शासक इरोन्सी यांनी ३४ क्रमांकाच्या हुकमाने संघराज्यच रद्द केले आणि जुलैत प्रतिउठाव झाला, हा क्रम त्यांनी अतिशय नेमका उलगडला. २७ मे १९६७ रोजी प्रतिउठावानंतर सत्तेवर आलेल्या गोवन यांनी प्रांतांऐवजी १२ राज्ये केली आणि तीनच दिवसांत पूर्व भागाने बियाफ्रा या स्वतंत्र देशाची घोषणा केली, हे सांगताना वर्गात शांतता पसरली होती.

एका विद्यार्थिनीने विचारले, “आपला जिल्हाही १९६०पर्यंत दक्षिण सातारा होता, नाव बदलले, पण राज्ये १२ची ३६ झाली म्हणजे अधिकार वाढले का?” प्रश्न मर्माचा होता, आणि वर्ग नेमका तिथेच कमी पडला. स्वातंत्र्याच्या वेळी खनिज स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) निम्मा वाटा ज्या प्रांतात उत्पादन होई त्याला मिळत असे, १९९९च्या संविधानात तो किमान १३ टक्के उरला. तेलाच्या पैशासाठी राज्ये केंद्र सरकारच्या तोंडाकडे का पाहतात याचे उत्तर यातच आहे, परंतु त्याला शेवटची पंधरा मिनिटेच मिळाली. छापील टिपणांतील नकाशेही इतके पुसट आहेत की १९६३चा मध्य-पश्चिम प्रांत त्यात दिसतच नाही.

तरीही शुल्क वसूल झाले, असे मी म्हणेन. पुढील तुकडीसाठी महसूलवाटपाला एक स्वतंत्र रविवार द्यावा, अशी विनंती मी मार्गदर्शन केंद्राला लेखी दिली आहे.