एसटीच्या पासचे आठ महिने आणि १० दिवसांच्या भाड्याचा प्रश्न

फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर कापडाच्या दुकानात कामाला जाण्यासाठी मी आठ महिन्यांपासून एसटीचा पास वापरत आहे. पहिले दोन महिने मासिक पास होता, त्यानंतर सलग दोन वेळा त्रैमासिक पास काढला. येत्या सोमवारी तो संपतो आणि पुढच्या पाससाठी मागितलेली उचल मालकांनी परवा नाकारली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

नियम रोजच्या प्रवाशांना ठाऊक आहेत: २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस, ५० दिवसांचे भरून ९० दिवस. माझे महिन्याला २६ दिवस भरतात. म्हणजे रोज तिकीट काढले तर तीन महिन्यांत ७८ दिवसांचे भाडे जाते, तीन मासिक पास काढले तर ६० दिवसांचे आणि त्रैमासिकात ५० दिवसांचे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढल्यापासून यातला प्रत्येक दिवस मोजावा लागतो. पास म्हणून तो उत्तम आहे. सुट्ट्या पैशांची कटकट नाही, आणि खिशात दहा रुपये नसले तरी खाडा पडत नाही.

मला सलणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ६० आणि ५० मधला तो १० दिवसांचा फरक. ज्याच्या हाती ५० दिवसांचे भाडे एकरकमी आहे त्याला प्रवास स्वस्त पडतो, आणि ज्याचा पगार महिनाअखेरीस किराण्याच्या उधारीत जातो त्याला तोच प्रवास, त्याच गाडीत, महाग पडतो. वर्षाचे ४० दिवसांचे भाडे होते. आगाऊ पैसे घेऊन सवलत देण्यात एसटीचे काही चुकत नाही. पण ती सवलत ज्याला सर्वांत जास्त हवी, त्याच्याच हाती ती लागत नाही.

दोन्ही त्रैमासिक पास मी मालकांच्या उचलीवर काढले होते आणि तीन पगारांतून रक्कम फेडली. या वेळी नकार मिळाला तेव्हा राग आला, कारण पास मालकांनीच द्यावा असे माझे तोवर ठाम मत होते. मग कारण कळले: दुकानातला दुसरा एक मुलगा उचल बाकी ठेवून काम सोडून गेला. सहा नोकरांच्या दुकानाला तेवढा फटकाही लागतो, हे मला मान्य करावे लागले. माझे मत तेथे बदलले. हा भार एकेका दुकानाने उचलण्याचा नाही, तो साऱ्या बाजारपेठेने आणि महापालिकेने मिळून उचलायचा आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरात हे झाले आहे. जून २०१८ पासून तेथील मध्यवर्ती भागात काम करणाऱ्यांना बसचा पास मोफत मिळू लागला, आणि त्यासाठी त्या भागातील इमारतींच्या मालकांनी जागेच्या क्षेत्रफळानुसार वर्गणी दिली. कोलोरॅडोतील बोल्डर शहरात बाजारपेठेतल्या कामगारांच्या पाससाठी पार्किंगच्या उत्पन्नातून पैसा दिला गेला. नोकर बसने आला की दुकानासमोरची जागा गिऱ्हाइकाच्या गाडीला मिळते, हा त्यामागचा साधा हिशेब आहे, आणि गुलमंडीवर सणासुदीच्या दिवसांत उभे राहून पाहिले तर तो कोणालाही पटेल.

मोफत पास आज मागणे जड वाटत असेल तर तेवढेही नको. पार्किंगचे शुल्क जेथे घेतले जाईल तेथल्या रकमेतून एक निधी ठेवावा, त्यातून नोकरांचे त्रैमासिक पास काढून द्यावेत आणि रक्कम तीन हप्त्यांत परत घ्यावी. एखादा मध्येच काम सोडून गेला तरी शेकडो पासांमध्ये ते नुकसान सोसता येते. यात महिलांचा फारसा खर्चही येणार नाही, कारण १७ मार्च २०२३ पासून त्यांना एसटीत अर्धे तिकीट आहे. आमच्या दुकानातल्या ताईंचे २६ दिवस १३ दिवसांच्या भाड्यात होतात, म्हणजे माझ्या कोणत्याही पासपेक्षा स्वस्त.

मध्यवर्ती बसस्थानकापासून गुलमंडीपर्यंतचा शेअर रिक्षाचा खर्च मी यात धरलेला नाही. सकाळी पायी जातो, रात्री दुकान आवरायला उशीर झाला की रिक्षा करावी लागते.

सोमवारी खिडकीवर मी पुन्हा मासिक पासच मागणार आहे. ओळखपत्र तयार आहे, जवळ २० दिवसांचे भाडे आहे, उरलेल्या ३० दिवसांचे नाही.