जांभ्या जमिनीसाठी चुन्याचं पोतं: डोलोमाइट, कॅल्साइट, फक्की की जिप्सम?

कृषी सेवा केंद्रात ‘भूसुधारक’ या एकाच नावाखाली चार-पाच प्रकारची पांढरी पूड मिळते. रंग सारखा, पोतं सारखं, कामं मात्र वेगवेगळी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या जांभ्या वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या, जमिनीसाठी यातलं काय घ्यावं, ते इथे पाहू.

या जमिनीतला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावसाने धुऊन नेलेला असतो. सामू (पीएच; जितका कमी तितकी माती आम्ल) ५.५ च्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, मुळांची टोकं जाड होऊन खुंटतात, आणि दिलेलं स्फुरद (फॉस्फरस) लोह-अ‍ॅल्युमिनियमला धरून बसतं. खत टाकूनही नाचणी-भुईमूग पिवळट, बुटका राहतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. पोत्यातल्या पुडीने ही आम्लता मारली पाहिजे. ती किती मारेल, हे दोन आकडे सांगतात: उदासीनीकरण मूल्य, म्हणजे आम्लता मारायची ताकद, आणि बारीकपणा. पोत्यावर हे दोन्ही छापलेले नसतील, तर ते पोतं परत ठेवावं.

शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचं मूल्य १०० धरतात. त्या हिशेबात शुद्ध डोलोमाइट १०९, फुलवलेला चुना म्हणजे फक्की १३५ च्या आसपास, कळीचा चुना १७९. बाजारातल्या मालात माती-वाळू असतेच, म्हणून खरा आकडा याहून कमी भरतो. बारीकपणाचं गणित त्याहून महत्त्वाचं. ६० मेशच्या (इंचाला ६० भोकांच्या) चाळणीतून खाली पडणारी पूड पूर्ण कामाची. ६० वर अडकणारी पण १० मेशमधून जाणारी साधारण निम्म्या कामाची. त्याहून जाड ती खडीच समजा. समजा, एका मालाचं मूल्य ९० आणि सगळी पूड ६० मेशखालची. दुसऱ्याचं मूल्य ९५, पण निम्मीच पूड बारीक, उरलेली मधली. दुसऱ्याची खरी ताकद ७१ भरते. एक क्विंटल शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचं काम करायला पहिला १११ किलो लागेल, दुसरा १४० किलो. भाव विचारताना किलोचा नको, या हिशेबाने विचारा, आणि त्यात गाडीभाडंही धरा, कारण घाटापलीकडून येणाऱ्या मालात ते बरंच असतं.

आमची पहिली पसंती बारीक डोलोमाइटला. शुद्ध डोलोमाइटमध्ये कॅल्शियम २२ टक्के आणि मॅग्नेशियम १३ टक्के असतं, आणि कोकणात मॅग्नेशियमचाही तुटवडा असतो. नारळाच्या जुन्या झावळ्या पिवळ्या पडतात, त्याचं हे एक कारण. डोलोमाइटची खोट अशी की ते सावकाश विरघळतं. जाड दळलेलं असेल तर त्या हंगामात जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि मग चुन्याने फरक पडत नाही असा बोभाटा होतो. माती तपासणीच्या अहवालात मॅग्नेशियम पुरेसं असेल तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीची पूड, तितकीच चांगली आणि कामाला लवकर लागणारी.

फक्की सर्वांत झपाट्याने काम करते, पण अंगावर येते. हातांची, डोळ्यांची आग होते, बियाण्याजवळ पडली तर कोंब जळतो. जांभ्या हलक्या मातीत जास्त झाली तर सामू एकदम उडतो आणि जस्त, लोह, मँगनीज, बोरॉन पिकाला मिळेनासं होतं. घ्यायचीच झाली तर मात्रा कमी ठेवा आणि पेरणीआधी दोन-तीन आठवडे मिसळा.

जिप्सम सामू वाढवत नाही. ते देशावरच्या चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या, जमिनीचं औषध. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा उचलला जातो, हे दुर्दैव. भुईमुगाला मात्र ते कॅल्शियम आणि गंधकासाठी जरूर द्यावं: हेक्टरी ४०० किलो, निम्मं पेरणीला, निम्मं आऱ्या (शेंग धरायला जमिनीत शिरणारे दांडे) सुटताना.

माल ओळखायची घरगुती युक्ती आहे. पुडीवर व्हिनेगर टाका: कॅल्साइट लगेच फसफसतं, डोलोमाइट अगदी मंद, जिप्सम ढिम्म. फक्कीही फारशी फसफसत नाही, पण ओल्या हळदीत कालवली की लगेच लालभडक होते.

मात्रा फक्त सामूवरून ठरवू नये. सामू सारखा असला तरी चिकण मातीला चुना जास्त लागतो, हलकीला कमी. प्रयोगशाळेकडे ‘चुन्याची गरज’ वेगळी मागा. नमुना आठ-दहा ठिकाणांहून, १५ ते २० सेंटिमीटर खोलीचा. राब भाजलेल्या, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळलेल्या, जागेतला मुळीच नको, तिथल्या राखेने सामू आधीच चढलेला असतो. हेक्टरी दोन टन आले तर गुंठ्याला २० किलो. फोकून लगेच वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळा; उतारावर तसाच ठेवलेला चुना पहिल्या सरींबरोबर ओढ्यात जातो. एवढा खर्च झेपत नसेल तर कडधान्य-भुईमुगाला हेक्टरी २ ते ४ क्विंटल बारीक पूड पेरणीच्या ओळीत द्या, वर मातीचा थर टाका आणि मग बी पेरा. हे मात्र दर हंगामाला करावं लागतं.

युरिया, अमोनियम सल्फेट किंवा डीएपीबरोबर चुना कधीच कालवू नका. अमोनिया उडून जातो. सुपर फॉस्फेटमधलं विद्राव्य स्फुरदही चुन्यात मिसळलं की बसतं. रॉक फॉस्फेट विरघळायला तर आम्लताच हवी, म्हणून ते आणि चुना एका वेळी देणं म्हणजे दोन्हींचे पैसे वाया. आणि १०० किलो अमोनियम सल्फेटने आलेली आम्लता मारायला सुमारे ११० किलो शुद्ध चुनखडी लागते, तेव्हा खत निवडतानाच हा खर्च मोजा.

भातखाचरात घाई नको. पाणी साचलं की काही आठवड्यांत सामू आपोआप ६.५ च्या आसपास चढतो. खाचरातला चुना भातानंतरच्या वाल, चवळी, भुईमुगासाठी, कापणी झाल्यावर ओल असताना द्या. काजूला आम्ल माती चालते, तिथे चुन्यावर पैसे घालू नका.

राहिल्या ‘द्रव चुन्या’च्या बाटल्या, एका लिटरमध्ये एकर सुधारणाऱ्या. लिटरभर द्रवात फार तर किलो-दीड किलो चुना मावेल, आणि एकराची गरज क्विंटलांत असते.