मिरॅकल-पॉइंटर: मेमरी मोजून घेतलेली सुरक्षितता

क्रोम ब्राउझरमधील ‘मिरॅकल-पॉइंटर’, म्हणजे मेमरीच्या हाताळणीतील चुकांपासून बचाव करणारा खास पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता धरून ठेवणारा घटक), वापरणाऱ्याला कोठेही दिसत नाही. तरीही सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत वर्षानुवर्षे काम करणारा प्रोग्रामर म्हणून मला तो मनापासून आवडला.

क्रोमच्या चमूने २०२० मध्ये सांगितले होते की, त्यांच्याकडील गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या हाताळणीतून येतात आणि त्यांतील निम्मे एकाच प्रकारचे असतात: ऑब्जेक्टची (विंडोसारख्या प्रोग्राममधील एखाद्या घटकाची) मेमरी मोकळी होते, पण तिचा पत्ता धरून बसलेला पॉइंटर कोडमध्ये तसाच राहतो. मी लिहिलेल्या एका हिशेबाच्या प्रोग्राममध्ये हेच घडले होते. विंडो बंद झाली, तिचा ऑब्जेक्ट गेला आणि दोन सेकंदांनी चाललेल्या टायमरने त्याच पत्त्यावर जाऊन लिहिले; तोवर तेथे दुसऱ्याच पावतीची रक्कम येऊन बसली होती. प्रोग्राम क्रॅश झाला नाही, नुसता आकडा बदलला, आणि कारण सापडेपर्यंत तीन दिवस गेले.

मिरॅकल-पॉइंटर नेमका येथे आडवा येतो. किती पॉइंटर अजून आपल्याकडे बोट दाखवून आहेत, याची मोजणी मेमरीचा प्रत्येक तुकडा स्वतःसोबत बाळगतो. ऑब्जेक्ट नष्ट करताना त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजे शेवटची आवराआवर करणारे फंक्शन, वेळच्या वेळी चालतो. मात्र मोजणी शून्यावर आलेली नसेल, तर ती जागा निरर्थक आकड्यांनी भरून अडवून ठेवली जाते आणि शेवटचा पॉइंटर सुटेपर्यंत दुसऱ्या कोणालाही दिली जात नाही. शेवटचा वापरणारा सुटेपर्यंत ऑब्जेक्टच जिवंत ठेवणाऱ्या शेअर्ड पॉइंटरप्रमाणे येथे ऑब्जेक्टचे आयुष्य लांबत नाही, ही यातली खरी खुबी आहे.

किंमत अर्थातच मेमरीची. २०२२ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसची (स्वतंत्रपणे चालणाऱ्या मुख्य भागाची) मेमरी विंडोजवर ४.५ ते ६.५ टक्के, तर अँड्रॉइडवर ३.५ ते ५ टक्के वाढली. कमी रॅमच्या फोनवर ही वाढ नगण्य म्हणता येणार नाही. पण संकेतस्थळांची पाने रंगवणाऱ्या रेंडरर प्रोसेसना ती लागू नव्हती, आणि एवढ्या मोबदल्यात मुख्य प्रोसेसमधील अशा निम्म्या दोषांची धार बोथट होत असेल, तर मला हा सौदा रास्त वाटतो.

त्यासाठी क्रोमच्या कोडमधील १५ हजारांहून अधिक साधे पॉइंटर बदलले गेले. तरीही हे कवच क्लासच्या (ऑब्जेक्टच्या आराखड्याच्या) सदस्य-पॉइंटरांपुरतेच आहे. फंक्शनमधील स्थानिक पॉइंटर उघडेच राहतात, ही त्याची ठळक उणीव. शिवाय मोजणीचा सारा डोलारा क्रोमच्या ‘पार्टिशन-अलॉक’ या मेमरी वाटून देणाऱ्या यंत्रणेवर उभा असल्याने, दुसऱ्या प्रकल्पात तो आणायचा तर मेमरी वाटपाची व्यवस्थाच बदलावी लागते. माझ्या छोट्या प्रोग्रामसाठी मी तेवढे केले नाही. तेथे टायमरच्या हाती आता वीक पॉइंटर, म्हणजे ऑब्जेक्टला जिवंत न ठेवता तो आहे की गेला एवढेच सांगू शकणारा पॉइंटर, आहे आणि काहीही लिहिण्यापूर्वी तो विंडो शाबूत आहे ना, हे विचारून घेतो.