मॅजिक की, नऊ महिन्यांनंतर: कॅलेंडरवरचं ‘फुल’ आणि आतली रांग

मॅजिक की म्हणजे कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला असलेल्या डिस्नेलँडचा वार्षिक पास. त्यात काय मिळतं आणि ब्लॉकआउटचे, म्हणजे पास न चालणारे, दिवस कोणते, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितोय. पास असला तरी जायच्या तारखेचं आरक्षण लागतं, त्यामुळे राइड्सपेक्षा जास्त वेळ आरक्षणाच्या कॅलेंडरसमोर जातो. तारीख उघडी दिसली तर आत मोकळं असणार आणि बंद दिसली तर खच्चून गर्दी, असा अर्थ बहुतेक जण लावतात. पहिले तीन महिने मीही तोच लावत होतो. तो चुकीचा आहे.

कारण साधं आहे. उद्यानाची क्षमता म्हणजे एकच मोठा हंडा नाही, तिच्या वेगवेगळ्या वाट्या केलेल्या आहेत. रोजच्या तिकिटाची वाटी वेगळी, पासधारकांची वेगळी, आणि त्यातही कोणती ‘की’, म्हणजे पासचा कोणता प्रकार, आहे त्यावरून उपलब्धता बदलते. कॅलेंडर तुम्हाला फक्त तुमची वाटी दाखवतं. फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी पासवाल्यांना ‘फुल’ आणि त्याच क्षणी तिकीट विकत घेणाऱ्याला दोन्ही पार्क (डिस्नेलँड आणि समोरचं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर) खुली, हे अगदी नेहमीचं चित्र आहे. यावरून कोर्टकचेरीही झाली. २०२१ साली १,३९९ डॉलरची ‘ड्रीम की’ ब्लॉकआउट नाही असं सांगून विकली गेली. काही तारखांना त्या पासवर आरक्षण मिळेना आणि तिकिटं मात्र मिळत होती, अशी तक्रार झाली. शेवटी डिस्नेने चूक मान्य न करता ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. माणशी हातात पडले साधारण ६७ डॉलर.

भारतातून आई-बाबा आले की हे वाट्यांचं गणित घरातच फसतं. त्यांच्यासाठी तारखेचं तिकीट आधी काढून ठेवायचं आणि मग स्वतःच्या पासवर बघावं तर ‘फुल’. क्रम उलटा ठेवा: आधी पासचं आरक्षण, ते हातात आलं की त्याच तारखेची तिकिटं.

दुसरी गोष्ट, आरक्षण दिवसाचं असतं, तासाचं नाही. सकाळी गेट उघडायच्या आधी उभा असलेला आणि संध्याकाळी सहाला ऑफिस उरकून फक्त जेवायला आलेला, दोघेही एकेकच मोजले जातात. त्यामुळे पासवाल्यांनी भरलेला दिवस सकाळी अकरापर्यंत सुस्त असू शकतो आणि अंधार पडला की मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा राहत नाही. उलट तिकिटवाल्यांचे दिवस, म्हणजे नाताळचा आठवडा वगैरे, सकाळपासूनच जड असतात, कारण पैसे मोजून आलेला माणूस दुपारी घरी जात नाही.

तिसरी गोष्ट हॉपिंगची, म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या पार्कात जाण्याची. आरक्षण पहिल्या पार्कचं असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पार्क बदलायची वेळ दुपारी एकवरून सकाळी अकरावर आली. डिस्नेलँड बंद दिसलं की सगळे कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरचं आरक्षण घेतात आणि अकराच्या ठोक्याला दोन गेटांमधलं पटांगण ओलांडतात. दोन्ही गेटं समोरासमोर, चालायला दोनेक मिनिटं. सकाळच्या आरक्षणाचा आकडा दुपारच्या गर्दीबद्दल काही सांगत नाही तो यामुळे. हॅलोविनच्या मोसमात ऊगी बूगी बॅश या पार्टीच्या रात्री तर कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर सहाला साध्या पाहुण्यांसाठी बंद होतं. पार्टीचं वेगळं तिकीट घेतलेले तीनपासून आत येतात आणि सहाला बाहेर पडलेले समोरच्या डिस्नेलँडमध्ये शिरतात. त्या रात्री तिथलं कॅलेंडर काय म्हणत होतं ते विसरा.

आता रांग. माणसं तितकीच असली तरी रांग दुप्पट होऊ शकते. समजा एक राइड तासाला २,००० माणसं नेते आणि रांगेत १,००० उभी आहेत: अर्धा तास. निम्म्या गाड्या काढल्या की तीच रांग एक तास. गाड्या पूर्ण आहेत, पण २,००० पैकी १,२०० जागा लायटनिंग लेनला (जादा पैसे देऊन मिळणाऱ्या जलद रांगेला) दिल्या, तर साध्या रांगेसाठी उरल्या ८००, म्हणजे सव्वा तास. आरक्षणाची मर्यादा या तिन्ही वेळी तीच. शिवाय एखादा भाग बंद असला की तिथली माणसं दुसरीकडे जातातच. टूनटाउन मार्च २०२२ ते मार्च २०२३ बंद होतं. स्प्लॅश माउंटन ही राइड मे २०२३ अखेर बंद झाली आणि टियाना या डिस्नेच्या राजकन्येच्या नावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडली. म्हणून जाण्याआधी राइड दुरुस्तीची यादी बघा, ती कॅलेंडरपेक्षा जास्त सांगते.

गर्दीचा अंदाजच हवा असेल तर एकदिवसीय तिकिटाच्या किमतीचं कॅलेंडर उघडा. ऑक्टोबर २०२४ च्या दरांत स्वस्तातला दिवस १०४ डॉलरचा आणि महागातला २०६ चा होता. हा दर मागणीच्या अंदाजावरून आधीच ठरतो, तुमच्या वाटीवरून नाही. मंगळवार-बुधवार, खालच्या दराचा दिवस, मोठी राइड बंद नाही, पार्टी नाही: मग पासवर जागा मिळवायला थोडी खटपट करावी लागली तरी करा.

आणि ती खटपट म्हणजेच माझं खरं दुखणं. रद्द करायची मुदत आदल्या रात्री ११:५९. नव्वद दिवसांत तीनदा न सांगता गैरहजर राहिलात तर तीस दिवस नवं आरक्षण बंद. पासच्या प्रकाराप्रमाणे एका वेळी दोन ते सहा आरक्षणं धरता येतात. परिणाम काय, तर लोक नव्वद दिवस आधी शनिवार-रविवार अडवून ठेवतात आणि दंड नको म्हणून आदल्या रात्री सोडतात. म्हणून रात्री नऊ ते बारा या वेळात बंद तारखा पटापट उघडतात. पावसाचा अंदाज असेल तर आणखीच. पण प्रतीक्षायादी नाही! पान पुन्हा पुन्हा ताजं करत अंगठा झिजवायचा. चौघांचं हवं असेल तर चारही जागा एकदम मिळेपर्यंत थांबू नका, मिळेल तो एकेक पास आधी पकडा. रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर वाढलेल्या माणसाला हे फारच लागतं. आपल्याकडे निदान डब्ल्यूएल १४ असं कळतं तरी.

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये ९ जानेवारी २०२४ पासून तारखेच्या तिकिटाला आरक्षण लागत नाही. इथे लागतंच. तरी सुरुवातीला पाचापैकी दोन तारे देणार होतो, आता साडेतीन देतोय, कारण तोडगा सापडला: कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरचं आरक्षण, गेट उघडताच आत, साडेदहापर्यंत रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स उरकायची आणि अकराला सगळे पटांगण ओलांडायला निघतात तेव्हा आपण जागचं हलायचं नाही. पुढचे दोन तास तिथल्या रांगा आखडतात. प्रतीक्षायादी दिली तर आणखी अर्धा तारा लगेच देतो.