शेफ्लेरा, अकरा महिने: पिवळेपणाचे २०० रुपये

काल पुन्हा एक फुटवा कापला. बुंध्याजवळून आलेला, हिरवागार, पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही. हा तिसरा. त्या रागातच लिहायला बसलोय.

मागच्या ऑगस्टात शेफ्लेराचं हे शोभेचं झाड घेतलं तेव्हा नर्सरीत दोन रांगा होत्या. साधं हिरवं १५०, पिवळ्या शिंतोड्यांचं ३५०. झाड तेच, उंची तीच, कुंडीही तीच काळी प्लास्टिकची. म्हणजे २०० रुपये निव्वळ पिवळेपणाचे. घरी आणून मोजली तर १९ पानं. (सात-नऊ पात्यांची अख्खी छत्री म्हणजे एक पान, गळते तेव्हा देठासकट सगळी जाते.) पानामागे साडेदहा रुपये पडले. हा हिशेब ऐकून हिने हात जोडले.

‘घरात ठेवायचं झाड’ म्हणून दिलं होतं, तेव्हा हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवलं. दिवाळीपर्यंत चार नवी पानं आली, चारही जवळपास हिरवी. तडक नर्सरी गाठली. मालक म्हणाला, "भिया, पौधा है, पेंट थोड़ी किया है." फोटो दाखवले, आवाज चढवला, शेवटी मूठभर निंबोळी पेंड फुकट घेऊन घरी, इंदूरच्या सुदामानगरला परतलो. तेव्हाच लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता.

आता तसा देणार नाही, कारण चूक कोपऱ्याची होती. पिवळ्या भागात हरितद्रव्य नसल्यातच जमा, झाडाचं अन्न करतो तो हिरवा भाग. उजेड कमी पडला की नवी पानं हिरवट येतात. जानेवारीत कुंडी पूर्वेच्या गॅलरीत हलवली आणि मार्चमधली पानं पैसे वसूल करणारी आली. जुनी चार होती तशीच राहिली.

पण फुटव्याची गोष्ट वेगळी. एखादी फांदी मुळातच हिरव्यावर जाते, मग तिला कितीही उजेड दाखवा, ती परत पिवळी होत नाही. वर हिरवं जास्त म्हणून वाढही जोरात; सोडून दिली तर अख्ख्या झाडावर कुरघोडी करते. निघाली तिथूनच कापायची. चीक अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते. मांजर असेल तर झाड वर ठेवा, पान चावलं की तोंडाची आग होते.

पाण्याची चूक मात्र शंभर टक्के माझी. नर्मदेचं पाणी आमच्याकडे दिवसाआड येतं, आणि नळ आला की आधी झाडांना हे घरचं जुनं वळण. थंडीतही तेच चालू ठेवलं. डिसेंबरात सहा छत्र्या गळाल्या, देठ काळे पडून. ६३ रुपये गेले. आता बोट दोन पेरं मातीत खुपसतो, कोरडं लागलं तरच पाणी. नळाशी संबंध तोडला.

मेमध्ये रंगकाम निघालं म्हणून आठ दिवस कुंडी गच्चीवर होती. इंदूरचं मे महिन्यातलं ऊन, दुसरं काय होणार! हिरवा भाग तग धरून राहिला, पिवळा तपकिरी झाला. पैसे मोजले होते नेमकं तिथंच करपलं. मध्ये एकदा फरशी चिकट लागायला लागली; हिला वाटलं मी चहा सांडला. पानांखाली खवले कीड होती. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून दोन रविवार पुसली, तेवढ्यावर गेली.

एकूण झाड चिवट आहे, हे मान्य. आज २३ पानं आहेत, त्यांतली १५ तरी व्यवस्थित पिवळी.

आधीच्या दोन हिरव्या फांद्या टाकवल्या नाहीत. कोकोपीटमध्ये खोचल्या, दोन्हींना मुळं धरली. नर्सरीच्या भावाने ३०० रुपयांचा माल. एक जिन्यात ठेवलीय, ना गळते ना करपते. दुसरी शेजारच्या काकूंना दिली. त्यांनी खरं तर पिवळ्याची फांदी मागितली होती. परवा विचारत होत्या, "अरे, याला पिवळं कधी येणार?"

म्हटलं, काकू, उजेडात ठेवा.